शरदचंद्रांची कोरी पायरी

शरदचंद्र सबनिसांना चेन्नईत येऊन दोन वर्षं झाली, तरी ते अजून परदेशातच राहत होते. इथला रसम-भात त्यांना पटत नसे, वाटीत ओतून घ्यायची कॉफी पटत नसे, आणि रोज पहाटे दारापुढे तांदळाच्या पिठीची रांगोळी, म्हणजे कोलम, घालणं तर मुळीच पटत नसे. त्यांचा सगळा जीव अडकला होता पुण्याच्या बदलीत. अर्जात कारण दिलं होतं, वृद्ध आई अंथरुणाला खिळलेली. (आई रोज टेकडी चढत असे, पण अर्जाला कारण लागतं.) गिंडीच्या ऑफिसातले कृष्णस्वामी साहेब रविवारी घरी कॉफीला येणार होते आणि सोमवारी सही करणार होते.

गुरुवारी त्यांची पत्नी विद्युलता माहेरी गेली. कोलम तीच घालत असे, म्हणून घरमालकीण चंद्रिकाबाई मुद्दाम सांगायला आल्या. "सर, डेली कोलम. मस्ट."

"कामं नाहीत या लोकांना," शरदचंद्र दार लावून घेतल्यावर म्हणाले (समोर बोलण्याइतके ते शूर नव्हते), आणि कोलम घालायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी शेजारचे शेषाद्री आले, पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि उठून गेले. चंद्रिकाबाईंकडून डबा आला. शनिवारी आणखी चौघं आली आणि तमिळमध्ये हळू आवाजात काहीबाही विचारू लागली. शरदचंद्रांनी सगळ्यांना "आमा, आमा" म्हणून मान डोलावली. (आमा म्हणजे हो. दोन वर्षांत एवढंच तमिळ त्यांनी येऊ दिलं होतं.)

"रीतभात म्हणून नाही," त्यांनी फोनवर विद्युलतेला सांगितलं. "जाताना कुणी 'येतो' म्हणत नाही. आपल्याकडे मयताच्या घरातूनच माणसं अशी उठतात."

"आणि डब्यात काय होतं?"

"रसम-भात. मीठ कमी होतं."

रविवारी साहेब फाटकाशी आले, कोरी पायरी पाहून थबकले, चंद्रिकाबाईंशी दोन शब्द बोलले आणि परत फिरले. गॅलरीतून शरदचंद्र बघतच राहिले.

सोमवारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून स्वतः खुर्ची ओढून दिली. "मदरचं कळलं. घरात कुणी गेलं की आमच्याकडे कोलम बंद ठेवतात आणि शेजारी डबा पाठवतात. तुम्ही तर शेजाऱ्यांनाही हो म्हणालात."

"सर, आई जिवंत आहे."

"शॉक बसतो असा," साहेब मायेनं म्हणाले. "आता पुण्यात तुम्हाला आहे कोण? इथंच माणसांत राहा. पुण्याची ती जागा मी ऑफिसातल्या संयुक्ता मॅडमना दिली."

शरदचंद्रांनी पुरावा म्हणून आईला विमानानं आणवलं. लिफ्ट नको म्हणून म्हातारी तीन मजले चढून केबिनमध्ये हजर झाली. साहेबांना मनापासून आनंद झाला. "फर्स्ट क्लास तब्येत," ते म्हणाले आणि त्यांनी अर्ज परत केला.

आईला चेन्नई फार आवडली. ती आता इथंच राहते. रोज साडेपाचला शरदचंद्र पायरीवर ओणवे होऊन कोलम घालतात आणि ती खुर्ची टाकून चुका काढते. काल चंद्रिकाबाई त्यांच्या कोलमाकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग घरी गेल्या आणि त्यांनी डबा पाठवून दिला.