केतकीचा केस

कुंभेरी नगरपालिकेत लग्न नोंदवायचं तर नवरा-नवरी जवळ आल्यावर टांगलेली काडी आपोआप वळावी लागे आणि तिचा कवडसा भिंतीवर चार बोटं तरी सरकावा लागे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पालिकेचं महागडं यंत्र बंद पडल्यापासून लोक आपापलं घरून आणत. शिवणकाम करणाऱ्या कमलिनीबाईंनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत खराट्याची काडी केसाने आडवी टांगली होती. काडीच्या मध्यावर घागऱ्याचा टिकलीएवढा आरसा. त्यावर टॉर्च मारली की भिंतीवर ठिपका. झालं यंत्र! पन्नाशी उलटल्यावर पुन्हा लग्न म्हणजे लोक बोलणारच. त्यात आज नवरदेवाची, सायकलवाल्या दिगंबर साव्यांची लेक केतकी हरकत घ्यायला आलेली. आईच्या जागी दुसरी कुणी नको, एवढंच तिचं म्हणणं. पिशवी छातीशी धरून ती कोपऱ्यात उभी होती.

पंखा बंद केला. दोघं बरणीजवळ सरकले. ठिपका सहा बोटं पळाला.

"केस कुणाचा?" नोंदणी करणाऱ्या भालेराव साहेबांनी विचारलं.

"माझाच की."

"मग कसं चालेल, बाई? तो तुमच्याच बाजूने वळणार. हरकत आहे तिथे हरकतदाराचा केस लागतो."

कमलिनीबाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. केतकी त्यांच्याशी धड बोलतही नव्हती.

"घ्या!" केतकीने वेणीतला लांब केस उपटला. "वळली काडी तर नाव बदलेन."

कमलिनीबाईंनी जुना केस काढून नव्याची गाठ मारली.

"नाही वळली तरी मी येतच राहीन हं, शिलाई मशीनला तेल घालायला," सावे पुटपुटले.

"गप्प उभे राहा. बरणी हलेल," कमलिनीबाई म्हणाल्या.

ठिपका जागचा हलेना. मग निघाला. चार बोटं झाली, कॅलेंडर झालं, दार झालं. खोलीला अख्खा वळसा घालून पुन्हा निघाला. साहेबांनी मोजणं सोडलं आणि शेरा मारला: भिंत अपुरी.

"मेला केस फितूर झाला," केतकी लालबुंद होऊन म्हणाली.

"केस फितूर होत नाही. नाव बदलायचा अर्ज पलीकडच्या खिडकीत मिळेल," साहेब म्हणाले.

केतकीने पिशवीतून कोरी करकरीत साडी काढली. "तुमच्या लग्नात नेसायला घेतली होती," ती खाली बघत म्हणाली. "फॉल लावायचा राहिलाय."

"दे इकडे!" कमलिनीबाईंना हसू आवरेना. ब्लाउजला टोचलेली सुई काढून त्या तिथेच बाकावर बसल्या.

ठिपका फिरतच होता. साहेबांनी पुढच्या जोडप्याला जरा बाहेर थांबायला सांगितलं.