कोरी तितली

हिंगणीच्या शाळेत रुजू होऊन मला चार दिवस झाले होते. रस्त्यात भेटलेल्या एका खाकी कोटवाल्या म्हाताऱ्याला, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "शाळेच्या विहिरीपाशी आज छान फुलपाखरू दिसलं."

म्हातारा जागीच थांबला. त्याने कोटाची वरची गुंडी लावली.

"किती वाजता?"

"दहाच्या सुमारास असेल."

"असेल नाई चालत. रंग?"

"पिवळा."

"कोनीकडे चालली होती? बसली होती का उडून राह्यली होती? पंखाची कोर फाटली होती का साबूत होती? पंच कोण?"

मी म्हणालो, पंच कोणी नव्हता, मी एकटाच होतो.

"मंग नाई दिसली," म्हातारा म्हणाला आणि निघून गेला.

हे सीताराम भोयर. गावात त्यांना कोणी या नावाने हाक मारत नसे. तीस वर्षं जंगलखात्यात नाकेदारी केलेली, म्हणून सगळे त्यांना नाकेदारच म्हणत. नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती, पण खात्याचा कोट अंगावरून सुटला नव्हता आणि खात्याची भाषा तोंडातून. घरातल्या लाकडाचे ते 'इमारती' आणि 'जळाऊ' असे दोनच भाग करत. खाट इमारतीत, पाट इमारतीत, पोळपाटाबद्दल मात्र त्यांच्या मनात शंका होती. शेजारच्या बकरीने त्यांच्या कुंपणातली मेथी खाल्ली तेव्हा त्यांनी बकरीचा पंचनामा केला आणि तिच्या मालकिणीची सही मागितली. बाई हसत हसत अंगठा देऊन गेली. नाकेदारांनी तो कागद नीट घडी करून ठेवला.

पण त्यांचा खरा विषय तितली. फुलपाखरू हा शब्द ते वापरत नसत. थंडी संपून निघणारी पहिली तितली कोण पाहतो, यावर त्यांची दरवर्षी पैज असे. आमच्याकडे थंडीतही एखादं फुलपाखरू भटकत असतंच. पण ती जुनी, असं नाकेदारांचं म्हणणं. रंग उडालेली, पंख झिजलेली. ती जमेत धरायची नाही. मोसमाची पहिली म्हणजे कोशातून नुकतीच निघालेली, जिच्या पंखाला कुठे ओरखडा नाही अशी. तिला ते 'कोरी' म्हणत. कोरी तितली दिसायला हवी, सोबत पंच हवा, आणि पंच शुद्धीवर हवा. ही शेवटची अट एका जुन्या प्रकरणानंतर घातली गेली, एवढंच मला कळलं.

पैज असे ती लहानू मेश्राम यांच्याशी. नाकेदार नोकरीत असताना लहानू त्यांच्या हाताखाली वणव्याच्या राखणीला होते. उन्हाळ्याच्या तोंडी दोघं बोर नदीच्या काठाने दिवसदिवस फिरत, आणि करमणूक म्हणून कधीतरी ही पैज सुरू झाली. हारेल त्याने रोडगे घालायचे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, तुपात बुडवायचे, बरोबर वांग्याची भाजी. जेवण जंगलात, पळसाखाली. पण लहानू हारले तर ते फक्त सामान आणत, भाजायचे नाकेदारांनी. आणि नाकेदार हारले तर तेच भाजत आणि लहानूंच्या पानात वरून टाकत. लहानू जातीने महार. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं. त्यावर कधी कोणी बोललं नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. निदान नाकेदारांना तरी.

मी गेलो त्या वर्षी दसऱ्याला लहानू बायकोला घेऊन नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. घरातले जुने देव त्यांनी काढून ठेवले. काही दिवसांनी ते शाळेच्या ओसरीवर आले. नाकेदार तिथे माझ्याजवळ बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"नाकेदार," लहानू म्हणाले, "औंदा रोडगे जंगलात नाई. जो हारन त्याच्या घरी. त्याच्याच चुलीवर, त्याच्याच हातचे. अन् मांडीले मांडी लावून."

नाकेदारांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. कडा जुळवून त्याची घडी केली. मग म्हणाले, "नियम बदलाचा असन तर अर्ज लागते."

त्यांना वाटलं असावं, विषय मिटला. लहानूंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "हा घ्या. मले मालूम होतं तुमी हेच म्हणान."

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता. अक्षरं ते मुलीकडून त्याच वर्षी शिकले होते. काना-मात्रा जपून, एकेक ओळ पट्टीने आखल्यासारखी. नाकेदारांनी तो दोनदा वाचला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"विचाराधीन आहे," ते म्हणाले.

आणि विचाराधीनच राहिला. संक्रांत गेली, शिवरात्र आली, तरी नाकेदार त्यावर बोलेनात. लहानूंनीही पुन्हा विचारलं नाही. ते वाटेत भेटले की रामरामाऐवजी जय भीम म्हणत, नाकेदार कोटाच्या खिशावर हात ठेवून मान हलवत, आणि दोघं आपापल्या वाटेने जात.

त्यात थंडीने मुक्काम लांबवला. शिवरात्रीनंतर दोनदा गारा पडल्या. हरभरा झोपला. पळसाच्या कळ्या काळ्या मखमलीत तोंड खुपसून बसल्या त्या उघडेनात. होळीभोवती माणसं घोंगड्या पांघरून उभी होती. नुकताच आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. नाकेदार म्हणाले, "थंडीच्या बदलीचा कागद अटकला आहे. आता सारं मुंबईहून येते ना!"

रोज सकाळी ते नाल्याच्या काठाने फेरी मारत. पंच म्हणून मला सोबत नेत. तितली दिसत नसे, आणि मला आपलं वाटे की त्यामुळे त्यांची सुटकाच होते आहे. कारण अर्जाची गोष्ट गावभर झाली होती. एका सकाळी त्यांच्या जातीतले वडीलधारे उद्धवराव ओट्यावरून म्हणाले, "सीताराम, तू एकटा माणूस. उद्या मेला तर खांदा द्यायले आमीच येऊ. त्याईच्या घरी जेवाच्या अगोदर येवढा विचार करजो."

नाकेदारांनी त्यांना नमस्कार केला. मग रोजच्यासारखे नाल्याकडे वळले.

होळीनंतर आठेक दिवसांनी एकदम ऊन पडलं. नाल्याच्या वळणावर एक जुनं लिंबाचं झुडूप आहे, त्याच्यापाशी नाकेदार थांबले आणि हळूच खाली बसले. मीही बसलो. एका काटेरी फांदीखाली रिकामा कोश लोंबत होता आणि त्याला धरून तितली बसली होती. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके, पंख अजून ओले. ती ते उघडत होती, मिटत होती. आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. माझ्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी ती उठली, आमच्या डोक्यावरून गेली आणि नाल्यापलीकडे दिसेनाशी झाली.

"मास्तर, पाह्यली?"

"पाहिली."

"कोरी?"

"अगदी कोरी."

त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. मला त्यांची दया आली, किंवा मीच घाबरलो. मी म्हणालो, "नाकेदार, तुमची इच्छा असेल तर मी काही पाहिलं नाही."

ते माझ्याकडे वळले. एवढ्या रागाने त्यांनी बकरीकडेही पाहिलं नसेल. "तीस वर्षं नोकरी केली म्या. पाह्यलेलं नाई पाह्यलं, असं एकडाव बी लिहिलं नाई. तुमी पोरायले काय शिकवून राह्यले शाळेत?"

लहानूंच्या वस्तीकडे नाल्याकाठची पायवाट सरळ जात होती. नाकेदार त्या वाटेने गेले नाहीत. ते गावात शिरले आणि मधल्या रस्त्याने निघाले. "दिसली! लिंबावर, काळी-पिवळी, कोरी! पंच मास्तर!" असं प्रत्येक दारात सांगत. उद्धवरावांच्या ओट्यापुढे थांबून त्यांनी तेच पुन्हा, जास्त सावकाश सांगितलं. "अन् आता लहानूजीच्या घरी जेवाले चाललो," हेही सांगितलं. उद्धवराव उठून आत गेले.

लहानू अंगणात खाट विणत होते. त्यांनी सुतळी खाली ठेवली नाही.

"पंखाची कोर?"

"साबूत."

"बसली होती का उडून राह्यली होती?"

"बसली होती. मंग उडाली."

त्यांनी मलाही वेगळं बोलावून तेच प्रश्न विचारले. मगच म्हणाले, "बरं. म्या हारलो." नाकेदारांनी खिशातून अर्ज काढून त्यांच्या हातात दिला. खाली 'मंजूर' लिहून सही केलेली होती. लहानूंनी तो वाचला, हसले नाहीत, घरात नेऊन ठेवला. मग त्यांनी गोवऱ्या पेटवल्या.

लहानूंची बायको अंजनाबाई दारात उभी होती. तिचा अजून विश्वास बसला नव्हता. "पाणी आमच्याच मटक्यातलं आहे, सांगून ठेवतो," ती म्हणाली.

"मंग कोणाचं आणता बाप्पा?" नाकेदार म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावून रिकामा केला.

घर लहान, त्यात दोन मुलगे, सुना, मुलगी, तीन नातवंडं. सगळी एकाच वेळी बोलत होती. लहानूंनी आपल्या पाटाला लागून दुसरा पाट मांडला. रोडगा माझ्या ताटात पडला तेव्हा माझा हात क्षणभर थांबला, हे मी लपवत नाही. नाकेदारांचा थांबला नाही. त्यांनी पाच रोडगे खाल्ले. सहावा अंजनाबाईने न विचारता वाढला आणि वरून तूप सोडलं. एक नातू त्यांच्या कोटाची गुंडी ओढत होता. त्याचा मात्र त्यांनी पंचनामा केला नाही.

गावाने पुढे वर्षभर त्यांना लग्नकार्याला बोलावलं नाही. ते व्हायचंच होतं आणि झालं. पण मला आठवते ती त्या दुपारची परतीची वाट. आम्ही नाल्याकाठाने येत होतो. मी म्हणालो, "इतके दिवस अर्ज अडवून ठेवलात. गावाची भीती वाटत होती ना?"

"गावाचं कायचं भेव?" नाकेदार म्हणाले. "सही तर म्या दुसऱ्याच दिवशी केलती."

"मग दिला का नाहीत?"



"हारन असं वाटे," ते म्हणाले. "कागद देऊन मंग हारलो असतो तर तो माह्या घरी आला असता. दोन ताटल्या आहेत माह्या घरी. जेवला असता, हात धुतले असते, अन् गेला असता. बायको मेल्यावर तेरा वर्षं झाले, मास्तर. मले असं भरल्या घरात बसून जेवाचं होतं."

मग त्यांनी कोटाच्या गुंड्या सोडल्या. ऊन चांगलंच तापलं होतं.