प्रभाग सातमधला बग

उदगीरच्या अलीकडे एक नगर परिषद आहे. गावाची अब्रू राहावी म्हणून नाव देत नाही. या नगर परिषदेने नागरिकांच्या सोयीसाठी पाण्याचं ॲप काढलं आणि थोड्याच दिवसांत त्यात एक गंभीर बग आढळला. प्रभाग सातच्या चौकटीत 'पाणी बंद' असं दिसत होतं. नळालाही पाणी नव्हतं, पण ती वेगळ्या खात्याची बाब होती.

बग काढायला नांदेडच्या कंपनीने मालविकाला पाठवलं. ॲप तिनेच लिहिलेलं, आणि तिची आई त्याच प्रभागात राहत असल्यामुळे कंपनीचा लॉजचा खर्चही वाचणार होता. मालविकाची नोकरी अजून तात्पुरती होती. निघताना मालकांनी बजावलं, "शुक्रवारपर्यंत मुख्याधिकाऱ्यांचं 'काम समाधानकारक' असं पत्र आण. आणलंस तर कायम. नाही आणलंस, तर तू तुझ्या वाटेने, आम्ही आमच्या."

मुख्याधिकारी रेणुकादास साहेब सज्जन गृहस्थ होते. कुणाचं काम अडवत नसत, फक्त पुढे सरकू देत नसत.

"मॅडम, पडद्यावर 'बंद' दिसून राहिलंय. ते 'चालू' करून टाका," ते म्हणाले.

मालविकाने समजावलं. जुन्या पद्धतीत पडद्याला हुकूम द्यावा लागे, हे लिही, ते पूस. नव्या पद्धतीत पडद्याला काही सांगायचंच नसतं. परिस्थिती अशी असेल तर असं दिसेल, एवढंच आधी जाहीर करून ठेवायचं. व्हॉल्व्ह उघडला की त्यावरचं यंत्र कळवतं आणि पडदा आपोआप 'चालू' होतो.

"जाहीर तर आम्हीही करतो," साहेब खुशीत म्हणाले. मग त्यांना शंका आली. "म्हणजे पडदा बदलायचा, तर आधी परिस्थिती बदलावी लागते?"

"हो सर."

साहेबांनी चष्मा काढला. एवढ्या नोकरीत इतकी घातकी पद्धत त्यांच्या कानावर आली नव्हती. "हे मंजूर कुणी केलं?"

"जगात सगळीकडे असंच करतात सर."

"जगाला ऑडिट नसतं, मॅडम."

मालविका आवक-जावक टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडून बसली. कोड जागोजागी थांबवून पाहिला, ओळ न् ओळ तपासली. सगळं बरोबर होतं. तेव्हा तिने या धंद्यातली एक युक्ती काढली. चौकट पडद्यावर नव्याने उमटली की दर वेळी तिचा रंग बदलेल अशी सोय केली, म्हणजे कोणती चौकट उगाच सारखी सारखी उमटतेय ते डोळ्यांना दिसतं. बाकीचे प्रभाग शांत राहिले. प्रभाग सात मात्र गुलाबी, हिरवा, पिवळा, जांभळा होत सुटला. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली आणि हे असंच राहू द्या, लोकांना आवडेल, अशी सूचना केली.

नोंदी पाहिल्यावर उलगडा झाला. कुणीतरी एकाच फोनवरून प्रभाग सातची स्थिती श्वासागणिक विचारत होतं. तो फोन होता नगर परिषदेच्याच व्हॉल्व्हमन मलप्पाचा. मालविका रिक्षा करून टाकीवर गेली. मलप्पा व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरच्या झाकणावर बसून अंगठ्याने स्क्रीन खाली ओढत होता.

"मलप्पा मामा, काय करताय हे?"

"पानी चालू दिसायची वाट बघायलो."

"आणि दिसलं की?"

"की वॉल खोलतो. मोठ्या सायबाचा हुकूमच हाय. ॲपमधी चालू दिसल्याबिगर वॉलला हात लावायचा न्हाई. मागं मनानं खोलला तर मेमो भेटला मला."

"अहो, तुम्ही खोलल्याशिवाय ॲपमध्ये दिसणारच नाही!"

"आन् दिसल्याबिगर मी खोलनार न्हाई," मलप्पा शांतपणे म्हणाला. "रिटायरमेंट जवळ आलीय, बाई."

मालविका धावत कचेरीत आली. बग कोडमध्ये नाही, हुकमात आहे, हे तिने जमेल तेवढ्या अदबीने सांगितलं. साहेबांनी मान हलवली. हुकूम मागे घ्यायचा तर तो चुकला होता असं ठरतं, आणि हुकूम चुकलेला नव्हता, काटेकोर होता.

शुक्रवारची दुपार झाली होती. मालविकाने मग जे करू नये म्हणून शिकवतात तेच केलं. चाचणीसाठी ठेवलेलं एक बटण होतं. ते दाबलं की परिस्थिती काहीही असो, 'चालू' दिसे.

"फक्त दोन मिनिटं, सर. हे दिसलं की मामा व्हॉल्व्ह उघडतील. मग मी खोटं काढून घेते, खरं आपोआप येईल."

बटण दाबलं. प्रभाग सातमध्ये 'पाणी चालू' झळकलं. कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. टाकीवरून मलप्पाचा फोन आला, "हाव सायेब, चालू दिसलं! खोलतो आता."

"खबरदार!" साहेब ओरडले. "चालू आहे ना? मग हात कशाला लावता? बिघडलं म्हणजे?"

"सर, पण पाणी..."

"मॅडम, तुमच्या धंद्यातही म्हणतात ना, चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नये?"

म्हणतात. मालविका स्वतःच येताजाता म्हणायची.

"आणि मी ते बटण काढलं तर?"

"तर बग परत येईल," साहेब पत्रावर पेन धरून मायेने म्हणाले, "आणि हे पत्र आपण मग पुढच्या महिन्यात बघू."

मालविकाला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. पण सही होईपर्यंत ती गप्प बसली. सोमवारी ती कायम झाली.

पुढच्या आठवड्यात आईचा, सत्यशीलाबाईंचा, फोन आला. "मालू, आपला नळ बिघडला गं."

"पाणी येत नाही का?"

"पाणी हाय ना! ॲपमधी चालू दाखवायलंय. नळच खराब निघाला. नवा बसवला, तरी येईना. आता आतला पाईप बदलावा म्हणते."

"आई, शेजारी विचारलंस का, त्यांच्याकडे येतंय का?"

"काहीतरीच तुझं! सगळ्या प्रभागाला पाणी अन् आपल्याच घरी ठणठणाट, हे काय चव्हाट्यावर सांगायचं?"

शेजारच्या कावेरीबाईंनीही विचारलं नव्हतं. त्यांचा तर पाईपसुद्धा बदलून झाला होता. समोरच्यांनी फरशी उखडली होती आणि कुणी विचारलं तर नवीन डिझाइनची बसवतोय असं सांगत होते. ॲपला मात्र प्रभागातून पाचपैकी पावणेपाच तारे मिळाले.

हसताय ना? हसा. पण बाकी सगळ्यांचं मजेत चाललंय, बिघाड फक्त आपल्याच घरात आहे, हे तुम्हालाही फोनमध्ये बघूनच कळलंय. एकदा शेजारच्या दारात जाऊन विचारा. नाही विचारणार तुम्ही. फार तर प्लंबरचा नंबर मागाल, तोही एका मित्राला हवाय म्हणून.