थोरलीचा धक्का

सकाळपासून मास्तरांच्या घरातला एक टॉवेल सापडत नव्हता. मोठा, जाड, गुलाबी फुलांचा. काकूंनी कपाट उपसलं, वाळत घातलेले कपडे चाळले, पलंगाखाली वाकून पाहिलं.

"अहो, तो टॉवेल पाहिलात का कुठे?"

"मी काय टॉवेलांवर पहारा देतो?" मास्तर म्हणाले आणि कोटाची बटणं लावत दारात जाऊन उभे राहिले. कोट आज जरा जड लागत होता. टॉवेल त्यांच्या शर्टाच्या आत होता. चौपदरी घडी करून, उजव्या खांद्यावर, चिकटपट्टीने पक्का बसवलेला.

हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मास्तरांनी चाळीस वर्षं रेंजवर लोकांना नेमबाजी शिकवली होती, आणि जड बंदुकीचा धक्का कसा घ्यायचा हा तर त्यांचा खास विषय. "दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवा. सैल धराल तर ती मारेल, घट्ट धराल तर नुसती ढकलेल. अंग पुढे झुकवा. आणि डोळे मिटू नका, तिला कळतं." कुणी शर्टात रुमाल नाहीतर उशी कोंबून आला, की मास्तर सगळ्यांदेखत ती बाहेर काढायला लावायचे. वर म्हणायचे, "टॉवेल-बिवेल न्हाणीघरात. इथे येताना खांदा आणायचा."

थोरली म्हणजे रेंजवरची सगळ्यात मोठी बंदूक. गोळी अंगठ्याएवढी. वर्षातून एकदाच, वर्धापनदिनाला, ती उभ्याने चालवायची असा तिथला रिवाज होता. चालवणाऱ्याच्या टाचेमागे खडूची रेघ ओढायची. टाच रेघेपलीकडे गेली की नोंदवहीत 'पाऊल मागे', नाही गेली तर 'पाऊल मागे नाही'. मास्तरांच्या नावापुढे दर वर्षी 'पाऊल मागे नाही'. आज थोरली शेवटची वाजणार होती आणि उद्यापासून काचेच्या कपाटात जाणार होती. शेवटच्या गोळीचा मान अर्थातच मास्तरांचा. मास्तर त्र्याहत्तर वर्षांचे होते, पाण्याची बादली उचलली तरी खांदा कुरकुर करायचा. पण त्यांना खांद्याची काळजी नव्हती. त्या रेघेची होती.

रेंजच्या फाटकातून आत शिरताच बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि मास्तरांना भरून आलं. याच पत्र्याखाली ते विशीत पहिल्यांदा उभे राहिले होते. शिक्षकाची जागा निघाली होती आणि परीक्षा एकच, थोरली. बार झाला आणि मास्तर रेघ ओलांडून, चार पावलं मागे जाऊन, थेट नोंदी लिहिणाऱ्या मुलीच्या टेबलावर बसले होते. दौत सांडली, पान निळं झालं, आणि वाचता येईना म्हणून साहेबांनी कुरकुरत पुन्हा एक संधी दिली. दुसऱ्या खेपेला मास्तर हलले नाहीत. नोकरी लागली, आणि वर्षभराने ती मुलगीही घरात आली. ते पाहणारं आता दोघांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

बंदुका दुरुस्त करणारा काडी पुढे आला. मास्तरांचा हा पहिला विद्यार्थी. नाव पडलं तेव्हा तो खरोखर काडी होता. आता दारातून आडवा होऊन शिरायचा.

"मास्तर, दस्त्याला चामड्याची खोळ घातलीये. शेवटचा दिवस ना, शोभा म्हणून."

"बरं केलंस."

रेघ ओढली गेली. काकू पूर्वीच्याच जागी, नोंदवही पुढ्यात घेऊन बसल्या. मास्तरांनी थोरली उचलली, दस्ता खांद्याला लावला, अंग झुकवलं, चापाकडे बोट नेलं. बोट पोहोचेना. मान ताणली, कोपर वळवलं, श्वास आत घेतला. चाप दोन बोटं लांबच.

"थोरली वाढली की काय?" रेंजच्या अध्यक्षांनी हळूच विचारलं.

मास्तरांनी खोळ चाचपली. आत बोटभर जाड रबर होतं.

"काडी, हे काय?"

"काळजी वाटली, मास्तर."

"काढ." रबर निघालं. तरी बोट पोहोचेना. मास्तरांनी कोट चाचपला, तर खांद्याच्या अस्तरात काहीतरी गुबगुबीत शिवलेलं. टाके ओळखीचे होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"आपल्या सोफ्याची लहान उशी आहे," काकू म्हणाल्या. "रोज रात्री खांदा कोण चोळतं?"

मास्तरांनी तावातावाने कोट काढून भिरकावला. "चाळीस वर्षं मी काय शिकवलं इथे? टॉवेल-बिवेल..." आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता. पातळ शर्टातून एका खांद्यावर उंटासारखा उंचवटा दिसत होता, आणि घामाने सुटलेल्या चिकटपट्टीखालून गुलाबी फुलं कॉलरबाहेर आली होती.

काकू शांतपणे म्हणाल्या, "सापडला एकदाचा."

आधी काडी हसला, मग अध्यक्ष, मग सगळं मैदान. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी टॉवेल ओढून काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. आता खांदा नुसता होता, आणि रेघ टाचेला अगदी लागून. मास्तरांनी मान वळवून दोनदा रेघ पाहिली. आजच्या दिवशी पाऊल मागे गेलं तर चाळीस वर्षांचं शिकवणं टॉवेलासकट धुऊन निघणार होतं.

काकूंनी ते ओळखलं. त्या उठल्या आणि मास्तरांच्या मागे जाऊन दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर टेकवून उभ्या राहिल्या. नवख्यांच्या पाठीवर मास्तर असाच हात ठेवायचे.

"मी आहे. मारा तुम्ही."

"काकू, जोर नका लावू," काडी घाईने म्हणाला.

"तू गप्प बस. रबर लावणारा."

मास्तरांनी दात आवळले, होतं नव्हतं तेवढं वजन पुढे टाकलं. मागून काकूंनी सगळा जोर लावला. चाप ओढला.

थोरली खोकल्यासारखी वाजली. धक्का म्हणावा तर लहान मुलाने खांद्यावर टपली मारावी इतकाच. मागे ढकलणारं कुणी नाही, आणि पुढे ढकलणाऱ्या काकू मात्र जिवाच्या कराराने. मास्तर तीन पावलं पुढे गेले, समोरच्या वाळूच्या पोत्यांवर पालथे पडले, आणि त्यांच्यावर काकू. काडीने थोरली तेवढी वरच्या वर झेलली.

"काडतुसात दारू निम्मीच भरली होती," तो कसानुसा म्हणाला. "तेच सांगत होतो."

मास्तरांनी वाळू थुंकली आणि आधी मागे वळून पाहिलं. खडूची रेघ होती तशी होती, कोरी, तीन पावलं लांब.

सगळ्यांनी दोघांना उठवलं, पाणी दिलं. लोक चहाकडे वळल्यावर काकू टेबलाशी बसल्या आणि नोंदवहीचं पहिलं पान उघडलं. निळा डाग अजून तसाच होता.

"माझ्या धडपडीत सांडली होती तेव्हा दौत," मास्तर हळूच म्हणाले. "नशीब माझं."

"तुमच्या धडपडीत नाही सांडली."

"मग?"

"तुम्ही पडलात आणि मी 'पाऊल मागे' लिहून मोकळी झाले. मग तुमचा चेहरा पाहिला." काकूंनी डागावरून बोट फिरवलं. "मी सांडली."

मास्तरांनी वही जवळ ओढून डाग निरखला. "म्हणजे माझी नोकरी..."

"नोकरी तुमच्या खांद्याने मिळवलीत. दुसऱ्यांदा मारलीत तेव्हा मी दौतीला हात लावला नव्हता."

काकूंनी शेवटचं पान काढलं, तारीख घातली, मास्तरांचं नाव घातलं. मास्तर वाकून बघत होते. काकूंनी सावकाश लिहिलं, 'पाऊल मागे नाही.' जरा थांबल्या, आणि पुढे लिहिलं, 'तीन पावलं पुढे. सपत्नीक.'