एकाहत्तर किलोंचा मामा

दारू सोडून चौदा महिने झाल्यावर तालुक्याच्या मद्यमापन कार्यालयानं दिगंबर तोडकरांनाच मद्य म्हणून जाहीर केलं.

कार्यालयाचं त्यात काही चुकलं नव्हतं. तोडकर निंबगावात विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे, आणि जोवर ते पीत होते तोवर त्यांच्या सहवासात कुणाला काही चढलं नव्हतं. उलट चढलेली उतरायची. त्यांनी सोडली तेव्हा मित्रांची तोंडं पडली. "आता तू आमच्यातनं उठलास म्हणायचं," असं रावसाहेब थोरवत म्हणाले. पण तोडकर उठले नाहीत. दर गुरुवारी संध्याकाळी थोरवतांच्या मळ्यावर ते लिंबूसोडा घेऊन हजर. विहिरीविहिरीवरच्या गोष्टी सांगायचे, दुसऱ्याच्या ऐकायचे, पोट धरून हसायचे. तिसऱ्या गुरुवारी थोरवतांच्या लक्षात आलं की आपली जीभ जड झाली आहे, डोळे भरून आले आहेत, बांधावरून शेजाऱ्याला दिलेल्या शिव्या परत घ्याव्याशा वाटताहेत, आणि बाटलीचं बूच अजून तसंच आहे.

मग हे सगळीकडेच होऊ लागलं. एका बारशात तोडकर अर्धा तास बसले, तर पाळण्याभोवतीच्या बायका गाणं संपवायला तयार होईनात. पतसंस्थेच्या सभेत त्यांनी नुसतं अनुमोदन दिलं आणि संचालकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. तोडकरांना स्वतःला मात्र या सगळ्याचं एकच अप्रूप होतं. पूर्वी ते प्रत्येक समारंभाला जायचे, पण सकाळी त्यातलं काही हाती लागायचं नाही. आता कोण काय बोललं, कुणी जिलेबी तिसऱ्यांदा मागून घेतली, सगळं लख्ख आठवायचं. सकाळचा चहा पिताना ते कालचा समारंभ पुन्हा पहिल्यापासून जेवायचे.

गावातलं परमिट रूम ओस पडलं, तक्रार गेली, आणि निरीक्षक ढोबळे मॅडम मोजमापाची पेटी घेऊन दुकानात आल्या. त्यांनी तोडकरांना बोलतं केलं, काचेची नळी समोर धरली आणि आकडा वाचला. बेचाळीस पूर्णांक आठ टक्के.

"पण मॅडम, मला स्वतःला तर काही चढत नाही," तोडकर म्हणाले.

"बाटलीलाही चढत नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सही करायची जागा दाखवली.

नियम लागू झाले. शाळेपासून पाऊणशे मीटर लांब राहायचं. एकवीस वर्षांखालच्यांशी हवापाण्यापलीकडे बोलायचं नाही. खिशावर एक पट्टी शिवून घ्यायची: 'प्रमाणात भेटावे.' तोडकरांच्या पत्नीनं, शैलानं, ती पट्टी सगळ्या शर्टांवर लावून दिली. नवऱ्यापायी याहून वाईट गोष्टी तिनं निस्तरल्या होत्या. तोडकरांची आमंत्रणं वाढतच गेली.

घोडं अडलं ते भाचीच्या लग्नात.

तोडकरांची धाकटी बहीण सिंधू. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, सहा वर्षांपूर्वी, मामा म्हणून तोडकरांनी नवरीला हाताला धरून मंडपात आणायचं होतं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं होतं. त्या वेळी तोडकर भांड्यांच्या टेम्पोत झोपले होते. मुहूर्त टळायला नको म्हणून शेवटी मांडववाला उभा राहिला. फोटोत नवरीच्या मागे तोच आहे, खिशात मोजायचा टेप. तेव्हापासून सिंधू भावाशी बोलत नव्हती. काही सांगायचं असलं तर शैलाला सांगायची.

आता धाकट्या प्राजक्ताचं लग्न ठरलं, तेव्हा नवरी स्वतः दुकानात आली. म्हणाली, "मामा, माझ्या मागं तूच उभं राहायचं. आईला मी बघते." तोडकरांना त्या दिवशी एकही मोटार भरता आली नाही.

लग्न सत्तावीस तारखेला, मुहूर्त बारा पस्तीस. आणि सत्तावीसलाच मतमोजणी, म्हणजे ड्राय डे. कार्यालयातून पत्र आलं: 'आपला साठा सकाळी आठ ते सायंकाळी सहा गोदामात कुलूपबंद राहील. सोबत डबा आणण्यास हरकत नाही.'

तोडकर पत्र घेऊन कार्यालयात गेले. "मॅडम, दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला कोंडा. आठवडाभर कोंडा. त्या दिवशी मी गेलो नाही, तर बहिणीला वाटणार, हा पुन्हा तसलाच निघाला."

ढोबळे मॅडमनी नियमावली काढली आणि बराच वेळ वाचली. त्या कठोर नव्हत्या, फक्त पानं क्रमानंच उलटायच्या. "विक्री नाही. वाटप नाही. पण परवानाधारकाला स्वतःपुरतं जवळ बाळगता येतं. एका परवान्यावर बारा बाटल्या. तुमचं वजन?"

"एकाहत्तर."

"किलोला लिटर धरू. पाऊण लिटरच्या पंच्याण्णव बाटल्या होतात. म्हणजे आठ परवाने लागतील. आठही जणांनी पूर्ण वेळ तुमच्याभोवती राहायचं, आणि तुमचा लाभ त्या आठ जणांनीच घ्यायचा. अर्ज सव्वीसला पाचपर्यंत."

अर्जात एकच अवघड प्रश्न होता: 'सदर मद्य आपण स्वतःच्या जबाबदारीवर बाळगता काय?' तोडकरांची जबाबदारी आजवर शैलाखेरीज कुणी घेतली नव्हती, तीही न विचारता तिच्या गळ्यात पडलेली. तिनं पहिली सही केली. दुसरी प्राजक्ताची. थोरवत आणि गुरुवारच्या बैठकीतले दोघे आले. गेल्या वर्षात गरजच न पडल्यानं त्यांचे परवाने संपलेले होते, ते त्यांनी नव्यानं काढले. एक्याऐंशी वर्षांच्या गोदाआत्या रिक्षातून आल्या. जन्मात त्यांनी खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत केलेलं. "पोरगं आपलं हाय," म्हणत त्यांनी अंगठा उठवला. सातवे लग्नाचे भटजी, कारण त्यांना मामा वेळेवर हवा होता.

सव्वीसला पावणेपाच वाजले तरी आठवा माणूस नव्हता. तोडकर बाकावर बसून होते. सोडल्यापासून त्यांना एकदाही प्यावंसं वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि ते तसेच बसून राहिले.

पाचला चार मिनिटं असताना सिंधू आली. हातांना हळद तशीच होती. भावाकडे न बघता ती थेट टेबलापाशी गेली.

"ह्यो पळून गेला तर?"

"जबाबदारी तुमची," ढोबळे मॅडम म्हणाल्या.

"झोपला तर?"

"तीही तुमचीच."

"आन् नाचला तर?"

मॅडमनी नियमावली पाहिली. "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

सिंधूनं सही केली. कागदावर पिवळा ठसा उमटला. मग ती वळली आणि सहा वर्षांनी भावाशी बोलली. "दादा, उद्या आठला इथं ये. उपाशी येऊ नको."

सत्तावीसला तोडकर सातलाच कार्यालयात पोचले आणि आठही जणांच्या ताब्यात देण्यात आले. तिथून ते नऊ जण जे एकमेकांना धरून निघाले, ते थेट बोहल्यापर्यंत. तोडकर प्राजक्ताला हाताला धरून घेऊन आले आणि तिच्या मागं ताठ उभे राहिले. सिंधू त्यांच्या डाव्या बाजूला. कारण परवाना. आठही जणांना हळूहळू चढत गेली. भटजी रंगात आले आणि त्यांनी मंगलाष्टकं अकरा म्हटली. गोदाआत्यांनी बारावं जोडलं. उरलेल्या मांडवानं दहा फुटांवरून नुसत्या वासावर भागवलं, आणि वासावर बंदी नव्हती. वरातीत ते कोंडाळं बँडच्या तालावर जे फिरायला लागलं, त्यात सिंधूचा आवाज सगळ्यांच्या वर होता. ती डुलत होती, हसत होती, दादाचा दंड सोडत नव्हती. तोडकर एकटे सरळ पावलं टाकत होते, आणि नाचात ती पावलंच सगळ्यात सुंदर पडत होती. असं नाचणं त्यांना सबंध आयुष्यात साधलं नव्हतं.

सहाचे ठोके पडल्यावर पाठवणी झाली, तेव्हा मात्र ते रडले. प्राजक्ता गाडीत बसेपर्यंत रडले, गाडी दिसेनाशी झाल्यावरही रडले, आणि कुणालाही ते लपवलं नाही.

साडेसहाला ढोबळे मॅडम साठा तपासायला मांडवात आल्या. त्यांनी तोडकरांना काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला. सत्तर किलो नऊशे.

"शंभर ग्रॅमची गळती," त्या म्हणाल्या. तोडकरांच्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिलं, आणि शेरा लिहिला: 'किरकोळ. मर्यादेत.' कागदाची घडी घालून पेटीत ठेवली. मग जरा घुटमळल्या.

"तोडकर, नऊ तारखेला माझ्या भावाच्या मुलाचं जावळ आहे. ड्राय डे नाही, मी पाहिलंय."

तोडकरांनी डायरी काढली. नऊ तारखेला एक साखरपुडा, एक वास्तुशांत आणि दुपारी सिंधूकडे जेवण होतं.

"सकाळी दहाला जमेल," ते म्हणाले, आणि त्यांनी चौथी ओळ लिहिली.