वंदूताईचा चौघांचा गट

वंदूताईकडे चहा हवा असेल तर आधी गट करावे लागतात. आपण पडवीत टेकलो की ती समोर सूप आणून ठेवते. त्यात काजूच्या बिया, शिंपल्या, सुपाऱ्या, बाटल्यांची बुचं, एखादं गंजकं कुलूप. "गट कर, बाळ्या," म्हणते आणि आधण ठेवायला आत जाते. कशाचे गट, किती गट, काही सांगत नाही. सांगितलं तर उपक्रम बिघडतो म्हणे.

मी आकाराने लावतो. "बरं. आणखी?" रंगाने लावतो. "आणखी?" एकदा वैतागून विकतचं एकीकडे आणि फुकटचं एकीकडे केलं. ती बघत राहिली. "चूक असं काही नसतं," म्हणाली, "पण हे चुकलं हं." तोवर चहाचा काढा झाला होता.

वंदूताई माझी चुलत बहीण, शेजारीच राहते. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला. पावस गावाच्या अलीकडे एका वाडीतल्या शाळेत ती पहिलीला शिकवते, आणि उद्या वर्गात काय करून घ्यायचं हा विचार तिच्या डोक्यातून उतरत नाही. मासळी बाजारात तिने कोळणीला विचारलं, "बांगडा आणि बोंबील यांच्यात सारखं काय?"

"दोन्ही तू घेत नायस, ह्या एक सारखा," कोळीण म्हणाली. "बाजूला हो."

ताई खूश. "बघ, हेही वर्गीकरणच!" मी रिकामी पिशवी धरून उभा, आपण बाजारात आहोत की शाळेत या विचारात.

यंदा मात्र मामला गंभीर होता. पहिलीत एकच मुलगी उरली होती, संची. बाकीची मुलं आईबापांबरोबर मुंबईला गेली, नाहीतर शहरातल्या शाळांच्या गाड्यांत बसली. आणि ही संची वर्गात तोंडच उघडत नव्हती. तिच्या आईने सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत बोलली तर ठेवते, बाई. नायतर मुंबईला हिच्या पप्पांकडं नेते. तिथं वर्गात पोरं तरी असतील." संची गेली की पहिली रिकामी.

"दुसरी-तिसरीतली मुलं बसव की तिच्याबरोबर," मी सुचवलं.

"बसवून झाली. ती उत्तर आधीच ओरडतात, ही आणखी गप्प होते. मला गटात असा कुणीतरी हवाय, ज्याला काही येत नाही." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली.

आमची ही आतून म्हणाली, "न्या हो वन्सं. घरी तरी काय उपयोग आहे?"

"पण तुझ्या शिक्षकांच्या पुस्तकात तर चौघांचा गट लिहिलाय ना?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"तू आहेस की तिघांएवढा."

दुसऱ्या दिवशी मी पहिलीत बसलो. मांडी जेमतेम घातली गेली. समोर संची, दोन घट्ट वेण्या, तोंड मिटलेलं. मध्ये पानांचा ढीग: आंबा, काजू, फणस, जांभूळ, हळद. "गट करा," म्हणून ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठ आमच्याकडे, पण कान इकडेच.

गोंधळल्याचं नाटक करायचं असं माझं ठरलं होतं. गरज पडली नाही. आंब्याचं पान काजूत टाकलं, काढलं, जांभळात घातलं. लांबट पानं एकीकडे करावीत, तर सगळीच लांबट दिसू लागली. आमची ही ज्या नजरेने बघते त्याच नजरेने संची बघत होती. शेवटी तिला राहवेना. आंब्याचं पान उचललंन, चुरगळलंन आणि माझ्या नाकाशी धरलंन.

"वास घे. ह्याला कैरीचा येतो. आता ह्या फणसाचा घे. नाय ना येत? मग ते तिकडं. काका, तुला नाक नाय काय?"

वासाचे गट! हे ना पुस्तकात होतं, ना ताईच्या ध्यानीमनी. आणि संची आता थांबेना. "हे हळदीचं. आजी ह्यात पातोळ्या वाफवते ना, त्यांचा वास. हे वेगळं ठेव. अरे, तिथं नको!"

ताई वळली. आमच्यात येऊन बसली. एकेक पान चुरगळून हुंगत राहिली.

संध्याकाळी एसटीतून उतरून घराकडे चालताना मी म्हटलं, "चला, सुटलो एकदाचा."

"उद्या गोष्ट आहे. उद्याही ये."

"आता बोलते की ती. मी कशाला?"

"तिच्यासाठी नाही रे. तिला घरी बोलायला आजी आहे." थोडं चालून मग म्हणाली, "मी उद्याची गोष्ट घरात मोठ्याने सांगून बघते रोज. पण भिंत काही 'मग?' म्हणत नाही."

मी विचारलं, "कुठली गोष्ट आहे?"

तिने तिथेच सुरुवात केली. गोष्टीत कोल्हा होता, एक म्हातारी होती, आणि मध्येच कोल्ह्याची मावशी कुठून आली ते मला अजून उमगलेलं नाही. आमच्या कुंपणाच्या गडग्याशी पोचलो तरी गोष्ट संपली नव्हती. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. फाटकाला लावलेला हात मी काढून घेतला.

म्हटलं, "मग?"