एकोणचाळीस इंचांचं मशीन

माप या विषयावर मास्टरांना कुणी काही शिकवावं, असा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान मास्टरांचं तरी तसं ठाम मत होतं. बत्तीस वर्षं ते कपडे शिवत होते. गिऱ्हाईक दारातून आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत त्याची छाती, कंबर आणि खांदे त्यांच्या डोळ्यांनी मोजून झालेले असत. टेप ते फक्त समोरच्याच्या समाधानासाठी लावत.

अशा मास्टरांवर एक दिवस खोदाईचं मशीन निवडायची वेळ आली.

त्याला कारण होतं घरामागचं अंगण. ते मधोमध बशीसारखं खोलगट होतं, आणि पावसाळ्यात त्या बशीत पाणी साठून थेट शिवणाच्या खोलीत शिरायचं. मागच्या वर्षी पाणी घोट्यापर्यंत आलं आणि गिऱ्हाइकांचं कापड भिजलं. तेव्हा मास्टरांच्या बायकोने आवाज न चढवता सांगून टाकलं होतं, की पुन्हा पाणी आलं तर शिलाई मशीन स्वयंपाकघरात येईल आणि ती स्वतः बहिणीकडे जाईल. ती आवाज चढवत नाही तेव्हाच खरी भीती असते, हे मास्टरांना लग्नानंतर तीनच महिन्यांत कळलं होतं.

मास्टरांनी योजना आखली. अंगणात एक लांब चर खणायचा, त्याच्या टोकाला मोठा शोषखड्डा करायचा, आणि पाणी जमिनीत जिरवायचं. माणसं लावून आठ दिवस गेले असते. मशीनने एका दिवसाचं काम होतं.

मशीन भाड्याने देणाऱ्याच्या आवारात मास्टर गेले ते मेहुण्यांना घेऊन. घेऊन म्हणजे, मेहुणे आपणहून आले. बायकोचे हे थोरले भाऊ कचेरीतून निवृत्त झाल्यापासून इतरांच्या कामांवर देखरेख करत. आवारात चार मशीनं ओळीने उभी होती. मेहुणे सरळ सगळ्यात मोठ्यापाशी गेले आणि त्याच्या चाकांच्या जागी असलेल्या लोखंडी पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, की घ्यायचं तर हेच, पाच टनांचं, दोन तासांत काम संपेल. मास्टरांनी त्यांना शांतपणे विचारलं, की हे अंगणात जाणार कुठून. घराशेजारच्या बोळाची रुंदी बेचाळीस इंच होती. पाच टनांचं मशीन न्यायचं तर आधी घर सरकवावं लागलं असतं.

तीन टनांचंही त्याच कारणाने बाद झालं. एक टनाचं बोळातून नाचत गेलं असतं, पण मालक म्हणाला की तुमची जमीन मुरमाड आहे, तिथे हे खेळणं दमेल, दोन दिवस लागतील. राहिलं पावणेदोन टनांचं. मास्टरांनी खिशातून टेप काढला, मशीनभोवती फिरले, खाली वाकले, आणि एखाद्या गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसं म्हणाले, "एकोणचाळीस. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच ढिलं. बेताचं बसेल."

मालकाने तोंड उघडलं होतं. हे माप पट्टे आत घेतलेले असतानाचं आहे, असं काहीसं तो सांगू लागला. पण मास्टरांनी हात वर केला. मापाबद्दल आपल्याला सांगू नका, असा त्या हाताचा अर्थ होता. मालकाने खांदे उडवले आणि पावती फाडली. मशीन संध्याकाळी सहाला परत हवं, एवढं मात्र त्याने दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते इस्पितळाच्या पाण्याच्या लाइनीसाठी जायचं होतं.

सकाळी आठला मशीन आलं. चालवायला एक पन्नाशीच्या बाई होत्या, अंगाने भरलेल्या आणि बोलण्यात काटकसरी. बोळाच्या तोंडाशी त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि मशीन आत घातलं. दोन्ही भिंतींपासून दीड-दीड इंच. कुठे चरा नाही, कुठे पोपडा नाही. मास्टर मागून चालत होते, नवा कोट घालून निघालेल्या नवरदेवाच्या शिंप्यासारखे. खिडकीतून बायको बघत होती. तिने चहात साखर जरा जास्त घातली.

अंगणात पोचल्यावर बाईंनी एक दांडा ओढला. मशीनने स्वतःला जमिनीवरून किंचित उचललं आणि त्याचे दोन्ही पट्टे सावकाश बाहेर सरकले. काम करताना मशीन डुलू नये म्हणून ते असे पाय फाकून उभं राहतं, असं बाईंनी मेहुण्यांना समजावलं. मास्टरांना ते ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. ते चराच्या रेषा खडूने आखण्यात गुंग होते.

अकरापर्यंत अंगणापुरता चर झाला, साडेअकराला शोषखड्डा. कडा अशा सरळ की मास्टरांनी मनातल्या मनात बाईंना आपल्या दुकानात कटिंगला बसवलं. मग बाईंनी परत जायला पट्टे आत घेण्याचा दांडा ओढला.

पट्टे आले नाहीत.

त्यांनी पुन्हा ओढला. मशीन कण्हल्यासारखं झालं आणि गप्प बसलं. बाई खाली उतरल्या, मशीनच्या पोटाखाली डोकावल्या, पहारीने चिखल उकरला, परत चढल्या. काही नाही. आत कुठेतरी दगड बसला होता आणि तो हाताला लागत नव्हता. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो दुसऱ्या गावी गेलेला, उद्या दुपारी येतो म्हणाला.

"आत्ता याची रुंदी किती?" मेहुण्यांनी विचारलं.

मास्टरांनी टेप लावला. मग पुन्हा लावला. मग टेपच सदोष आहे का, ते बघितलं.

"बावन्न," ते हळूच म्हणाले.

बोळ बेचाळीसचा, मशीन बावन्नचं. दहा इंचांचा फरक. कपड्यात दहा इंच चुकले असते तर मास्टरांनी दुकान बंद करून संन्यास घेतला असता. मेहुण्यांनी खुर्ची मागवली, ती सावलीत मांडली आणि सांगितलं, की म्हणूनच आपण मोठं मशीन घ्या म्हणत होतो. मास्टरांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला.

इस्पितळाचं काम अडलं तर या बाईंच्या नोकरीवर गदा येणार होती. आणि उद्या दुपारपर्यंत मशीन अंगणात उभं राहिलं, तर सगळी गल्ली ते बघायला येणार होती. माप न चुकणाऱ्या मास्टरांनी मशीन घरात घेतलं आणि बाहेर काढता येईना! ते स्टुलावर चढले, खरं तर कुणाला तोंड दिसू नये म्हणून, आणि भिंतीवरून पलीकडे बघत राहिले.

तिथून त्यांना तीन अंगणं दिसली, एकापुढे एक, मध्ये नुसती तारेची कुंपणं. तिसऱ्या अंगणाच्या टोकाला रुंद फाटक, आणि फाटकाबाहेर रस्ता. पहिल्या कुंपणाआधी होती ती मास्टरांचीच पुरुषभर उंच भिंत, विटा नुसत्या मातीत रचलेल्या.

मास्टर स्टुलावरून उतरले, चपला घातल्या आणि शेजारी गेले.

पहिलं अंगण निवृत्त मुख्याध्यापिकांचं. त्यांना सगळे हेडबाई म्हणत. हेडबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि परीक्षेत विचारावा तसा प्रश्न विचारला, की तुमच्या शोषखड्ड्यातलं पाणी शेवटी जाणार कुठे. मास्टर म्हणाले, जमिनीत. हेडबाईंनी त्यांना आपला शोषखड्डा दाखवला. तो मागच्या पावसात आठ दिवसांत तुडुंब भरला होता आणि आता त्यात बेडूक राहत होते.

"मशीन जाऊ द्या माझ्या अंगणातून," त्या म्हणाल्या. "पण रिकाम्या हाताने नाही. तुमचा चर तसाच पुढे आणा, माझ्याकडून, डॉक्टरांकडून, थेट रस्त्याच्या गटारापर्यंत. जमीन तिकडेच उतरती आहे. हे दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं."

मास्टर घरी येऊन हे सांगतात तोवर बायकोने भिंतीच्या चार विटा काढल्यासुद्धा होत्या. ऑपरेटरबाईंनी घड्याळ पाहिलं, बकेटने उरलेली भिंत अलगद बाजूला ठेवली, आणि पावणेदोन टनांचं मशीन मागे सरकत, खणत, हेडबाईंच्या अंगणात शिरलं. तिथला ओटा चढताना ते एकदा दणकून हललं. हेडबाई काठी घेऊन पुढे उभ्या होत्या आणि चर वाकडा जातोय असं वाटलं की काठी आपटत. ऑपरेटरबाई आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला घाबरताना दिसल्या.

दुसरं अंगण दातांच्या डॉक्टरांचं. त्यांची एकच अट होती. मेलेल्या झाडाचं एक खोड अंगणात चार वर्षं घट्ट बसलं होतं, ते उपटून द्यायचं. दवाखान्यातल्या दोन पेशंटना तसंच बसवून डॉक्टर बाहेर आले. खोड हलू लागलं तसे ते स्वतःच डोलू लागले, आधी सैल करा, मग ओढा, मुळाशी तुकडा ठेवू नका, अशा सूचना देऊ लागले. खोड निघालं तेव्हा त्यांनी त्याची मुळं तपासली आणि समाधानाने मान हलवली. पेशंटपैकी एकजण खिडकीतून हे बघत होता. तो उठून घरी गेला.

चार वाजले होते. राहिलं तिसरं अंगण. ते बेकरीवाल्यांचं होतं, आणि बेकरीवाले आणि मास्टर अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण होतं एक पँट. बत्तीस वर्षांत मास्टरांकडे परत आलेला तो एकमेव कपडा. बेकरीवाले म्हणाले होते की माप चुकलं, मास्टर म्हणाले होते की माप बरोबर आहे, तुम्हीच वाढलात, आणि ते चार लोकांसमोर म्हणाले होते. तेव्हापासून बेकरीवाले कपडे गावाच्या दुसऱ्या टोकाला शिवत आणि मास्टरांच्या घरी विटेसारखा पाव येई.

बेकरीवाले कुंपणापाशी हाताची घडी घालून उभे होते. मशीन बंद झालं. हेडबाई, डॉक्टर, मेहुणे, बायको, सगळे मास्टरांच्या मागे थांबले.

"कसं काय अडकलं मशीन?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

साधा प्रश्न होता. मशीन बिघडलं, एवढं म्हणून भागलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मास्टर कपाळावरचा घाम पुसत राहिले. मग म्हणाले, "माप माझं चुकलं. मोजलं तेव्हा त्याने अंग आत घेतलं होतं. काम करताना ते पसरणार, हे मालक सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही."

बेकरीवाल्यांनी हाताची घडी सोडली.

"मीही," ते म्हणाले. "त्या पँटच्या वेळी मीही पोट आत घेऊन उभा होतो."

पुढची दोन मिनिटं अंगणात कुणालाच धड बोलता आलं नाही. आधी डॉक्टर हसले, मग हेडबाई हसल्या, आणि मग खुद्द बेकरीवाल्यांचं पोट असं हलू लागलं की ते आत घेण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यांनी स्वतः पक्कड आणून कुंपणाची तार सोडवली आणि मशीनला जागा करून दिली.

साडेपाचला मशीन फाटकातून रस्त्यावर आलं. चर चार अंगणांतून सलग, खडूने आखल्यासारखा, रस्त्याच्या गटाराला भिडला होता. मास्टरांच्या बायकोने वरच्या टोकाला चार बादल्या पाणी ओतलं. सगळे खालच्या टोकाशी वाकून बसले. पाणी आधी रेंगाळलं, मग हेडबाईंच्या ओट्याजवळून वळलं, डॉक्टरांच्या खोडाच्या खड्ड्याला हुलकावणी देऊन आलं आणि गटारात धबधब कोसळलं. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की मशीन नेमकं निवडलं, याहून मोठं असतं तर अंगणांची वाट लागली असती. बायकोने सगळ्यांदेखत मास्टरांना म्हटलं, "अहो, बहिणीला कळवते, मी काही येत नाही म्हणून." बत्तीस वर्षांत कुठल्याही कोटाला मिळाली नव्हती एवढी शाबासकी त्या वाक्यात होती.

मशीन न्यायला ट्रक आला होता. मास्टर बाईंचे आभार मानायला त्याच्यापाशी गेले. बाईंनी मशीन ट्रकच्या फळीपुढे उभं केलं आणि एक दांडा ओढला. दोन्ही पट्टे लोण्यातून सुरी जावी तसे आत गेले. एकोणचाळीस इंच.

मास्टर वाकून पट्ट्यांकडे बघू लागले.

"सुटला?" त्यांनी विचारलं.

"दगड होय," बाई म्हणाल्या. "तो मघाशीच पडला. हेडबाईंचा ओटा चढताना."

"म्हणजे तेव्हाच मागे फिरता आलं असतं? बोळातून?"

"आलं असतं की. पण हेडबाईंचा चर अर्धा झाला होता, काठी घेऊन उभ्या होत्या. पुढे डॉक्टर खोड दाखवत होते. मग म्हटलं, राहू दे."

मास्टरांनी मागे वळून पाहिलं. फाटकापाशी हेडबाई जमलेल्या लोकांना समजावत होत्या, की चार घरांचा विचार करून मशीन मुद्दाम सगळ्यांच्या अंगणांतून काढायला डोकं लागतं, आणि ते मास्टरांकडे आहे. बेकरीवाले मान डोलावत होते. हे सगळं दुरुस्त करायला हवं, असं मास्टरांना वाटलं. फाटकाकडे चालता चालता त्यांनी त्याची वाक्यंसुद्धा जुळवली.

मग ते तिथे पोचले आणि सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनी फक्त हात जोडले.